वऱ्हाडचा प्रश्न

वऱ्हाड (बेरार) प्रांतावरील अंतिम सत्ता हैदराबादच्या निजामाची की ब्रिटिश सरकारची, यासंबंधी १८५३ पासून १९४८ पर्यंत चाललेला राजकीय व घटनात्मक वाद. प्रदेशाचा कारभार एका सत्तेकडे आणि नाममात्र स्वामित्व दुसरीकडे, अशी स्थिती या प्रांतात जवळजवळ शंभर वर्षे टिकली. येथील स्वातंत्र्यलढा याच काळात आकारास आला. परकीय सत्ता गेल्यावर प्रांत कोणाकडे जाणार, या प्रश्नाला ब्रिटिश हिंदुस्थानातील इतर भागांत उत्तर द्यावे लागले नाही. वऱ्हाडातील नेत्यांना मात्र ते प्रारंभापासून शोधावे लागले.

प्रदेश व पूर्वेतिहास : वऱ्हाडात अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांचा समावेश होतो. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगांतील मेळघाट, मध्यभागी तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे (पयानघाट) आणि दक्षिणेस अजिंठा डोंगराच्या पठाराचा भाग (बालाघाट) असे त्याचे तीन नैसर्गिक विभाग पडतात. पूर्वेकडील सीमा वर्धा नदीने आणि दक्षिणेकडील बरीचशी सीमा पैनगंगेने निश्चित केली आहे. उत्तर हिंदुस्थानातून बऱ्हाणपूरमार्गे दक्षिणेत उतरणारी सैन्ये पूर्णेच्या खोऱ्यातून जात. सुपीक जमीन आणि लष्करी मार्ग यांमुळे दक्षिणेतील प्रत्येक मोठ्या सत्तेला हा प्रदेश आपल्या ताब्यात असावा असे वाटत आले.

वाशिम (वत्सगुल्म) ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. यादवांच्या पाडावानंतर प्रदेश दिल्लीच्या सुलतानांकडे व पुढे बहमनी राज्यात गेला. बहमनी राज्याच्या चार तरफांपैकी वऱ्हाड ही एक होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतहुल्ला इमादुल्मुल्क याने स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. तिची राजधानी अचलपूर (एलिचपूर) ही होती आणि गाविलगड व नरनाळा हे तिचे बळकट किल्ले होते. इ. स. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ही सत्ता संपविली. पुढे १५९६ मध्ये चांदबीबीने मोगलांशी तह करून वऱ्हाड त्यांच्या स्वाधीन केले. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे या काळातील वऱ्हाडातील सर्वांत प्रबळ मराठा घराण्याचे प्रमुख होत. त्यांची कन्या जिजाबाई यांचा जन्म सिंदखेड येथेच झाला. शिवाजी महाराजांनी १६७० साली कारंजा ही समृद्ध व्यापारी पेठ लुटली, तेव्हापासून वऱ्हाड मराठे व मोगल यांच्या संघर्षाच्या कक्षेत आले.

दुअमल : पेशवा बाळाजी विश्वनाथ यांना १७१९ मध्ये मोगल बादशहाकडून दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, त्यांत वऱ्हाडचा सुभा होता. याच सुमारास निजामुल्मुल्क आसफजाह याने दक्षिणेत आपले बस्तान बसविले. त्याच्या सत्तेचा निर्णय करणाऱ्या दोन लढाया वऱ्हाडातच झाल्या. १७२० मध्ये बाळापूरजवळ त्याने आलम अलीखानाचा पराभव केला आणि १ ऑक्टोबर १७२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे मुबारिझखानाचा मोड केला. साखरखेर्ड्याच्या विजयानंतर निजाम व्यवहारतः स्वतंत्र झाला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया वऱ्हाडच्या भूमीवर घातला गेला, हे पुढील काळात निजामाने या प्रांताविषयी दाखविलेल्या आग्रहाचे एक कारण मानता येईल.

वऱ्हाडातील चौथाईचा हक्क नागपूरकर भोसल्यांकडे होता. चौथाई, सरदेशमुखी व घासदाणा या बाबींखाली महसुलाचा मोठा भाग भोसल्यांचे कमाविसदार वसूल करीत आणि उरलेला निजामाचे अंमलदार घेत. एकाच गावावर दोन सरकारांची वसुली असलेल्या या व्यवस्थेला ‘दुअमल’ म्हणत. अंमल दोघांचा असला, तरी गावाच्या रक्षणाची जबाबदारी कोणीच पुरती घेत नसे. देशमुख व देशपांडे हे परगण्याचे वतनदार दोन्ही सरकारांशी संधान राखून आपले स्थान टिकवीत. सत्ता विभागलेली आणि भार मात्र रयतेवर, हा वऱ्हाडच्या पुढील इतिहासातही दिसणारा क्रम दुअमलातच सुरू झाला.

१८०३ चे युद्ध : दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात नागपूरकर दुसरे रघूजी भोसले आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याची शेवटची मोठी लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे झाली. तीत मराठ्यांचा पराभव झाला. त्यानंतर १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला आणि त्याचा किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहान्वये भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा काही प्रदेश तेवढा त्यांच्याकडे राहिला. इंग्रजांनी मिळालेला मुलूख आपला मित्र निजाम याला दिला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा उरलेला भागही गेला व १८२२ च्या तहाने वर्धा ही निजामाची पूर्व सीमा ठरली. दुअमल संपून संपूर्ण वऱ्हाड निजामाकडे आले, ते इंग्रजांच्या शस्त्रबळाने. हा मुलूख आपणच मिळवून दिला, ही जाणीव पुढील वाटाघाटींत इंग्रजांच्या बाजूने वारंवार व्यक्त होत राहिली.

निजामाच्या अमलाखाली वऱ्हाडचा महसूल मक्त्याने देण्याची पद्धत रूढ झाली. राज्य कर्जबाजारी असल्याने सावकारी पेढ्यांकडून रकमा उचलून त्यांना परगणे लावून देण्यात येत. पामर आणि कंपनी व नंतर पेस्तनजी यांची पेढी या त्यांपैकी प्रमुख होत. मक्तेदाराची मुदत थोडी असल्याने गावाची लागवड टिकविण्यापेक्षा चालू सालची वसुली वाढविण्याकडे त्याचे लक्ष असे. अनेक गावे ओस पडली.

१८५३ चा तह : निजामाच्या खर्चाने पोसले जाणारे व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिन्जंट हे सैन्य या प्रश्नाच्या मुळाशी आहे. या सैन्याची मोठी छावणी अचलपूरला होती. त्याचा पगार थकत गेला, की ब्रिटिश खजिन्यातून रक्कम दिली जाई व ती निजामाच्या नावे कर्ज म्हणून चढे. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याने या थकबाकीची मागणी लावून धरली आणि रेसिडेंट कर्नल लो याच्यामार्फत नासिरुद्दौला निजामाशी (कार. १८२९–५७) २१ मे १८५३ रोजी तह केला. त्यान्वये वऱ्हाड, धाराशिव (नळदुर्ग) व रायचूर दुआब हे प्रदेश सैन्याच्या खर्चासाठी व कर्जफेडीसाठी ब्रिटिशांच्या कारभाराखाली देण्यात आले. निजामाचे स्वामित्व मात्र नाहीसे झाले नाही. म्हणूनच पुढे वऱ्हाडला ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ असे सरकारी नाव मिळाले.

१८५७ च्या उठावात हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग (१८२९–८३) यांनी इंग्रजांना साहाय्य केले. त्याची दखल घेऊन १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव व रायचूर दुआब परत करण्यात आले, ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले. परंतु वऱ्हाड विश्वस्त म्हणून ब्रिटिशांकडेच राहिले. सैन्याचा व कारभाराचा खर्च वजा जाता उरणारी शिल्लक निजामास द्यावी, असे ठरले. कारभाराचा खर्च किती असावा हे ठरविण्याचा अधिकार ब्रिटिशांकडेच होता आणि शिल्लक अल्प राही, ही हैदराबादची कायमची तक्रार होती. सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून अनेक वर्षे प्रयत्न केले. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. तथापि त्यांस यश आले नाही.

आर्थिक स्थित्यंतर : ब्रिटिश कारभारात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी जमाबंदी झाली. सरकार व शेतकरी यांच्यामधील मक्तेदार नाहीसा झाला आणि कसणाऱ्या खातेदाराला जमिनीवर हक्क मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस बंद होताच वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग शेगाव, अकोला, बडनेरा या स्थानकांवरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. खामगाव, अकोला व अमरावती येथे कापसाच्या मोठ्या बाजारपेठा व सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. या समृद्धीची दुसरी बाजूही होती. ज्वारीचे क्षेत्र कापसाकडे वळले, रोकड सारा व बाजारभाव यांच्या चढउताराला शेतकरी बांधला गेला आणि हक्काची जमीन तारण ठेवता येऊ लागल्याने ती सावकाराकडे जाऊ लागली. १८९६-९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत हे दौर्बल्य उघडे पडले. १८९१ च्या जनगणनेत सु. २९ लाख असलेली प्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये सु. २७.५ लाखांपर्यंत घटली.

१९०२ चा करार : दुष्काळामुळे शिल्लक रक्कम पूर्णपणे बंद झाली होती. या स्थितीत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने ३० मार्च १९०२ रोजी हैदराबाद येथे मीर महबूब अलीखान निजामाची (कार. १८६९–१९११) समक्ष भेट घेतली. त्यानंतर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार होऊन वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपये खंडाने ब्रिटिशांना कायमच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. निजामाच्या स्वामित्वाचा करारात पुनरुच्चार होता. प्रारंभी या खंडातील बरीच रक्कम दुष्काळाच्या वेळी काढलेल्या कर्जाच्या फेडीस वळती होई. प्रांताचे वार्षिक उत्पन्न या खंडाच्या अनेक पट होते. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या अखत्यारीत देण्यात आले आणि ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ ही जोडणी अस्तित्वात आली. १९०५ मध्ये सहाऐवजी चार जिल्हे करण्यात आले; अचलपूर अमरावतीत व वाशिम अकोल्यात विलीन झाले आणि वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ असे झाले.

कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. मध्य प्रांताचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. परकीय प्रदेशावरील अधिकारक्षेत्राच्या हुकुमाने ते वेगळे लागू करावे लागत. विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदारांकडून निवडले जात, परंतु निवडून आल्यावर सरकार त्यांची औपचारिक नेमणूक करी, कारण परकीय राजाच्या प्रजाजनांना ब्रिटिश विधिमंडळात सरळ निवडून येता येत नसे.

बाल्कनमधील समांतर उदाहरण : वऱ्हाडसारखी स्थिती त्या काळात यूरोपातही होती. १८७८ च्या बर्लिन तहाने ऑस्मानी (तुर्की) साम्राज्याचा बॉझ्निया-हेर्ट्सगोव्हीना हा बाल्कन प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात व कारभारात देण्यात आला, परंतु सुलतानाचे स्वामित्व कायम राहिले. १८७९ च्या करारात मशिदींतील शुक्रवारच्या प्रार्थनेत सुलतानाचे नाव घेण्याची मुभा स्पष्टपणे मान्य केली होती. ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने तो प्रांत आपल्या राज्यास जोडून टाकला आणि १९०९ मध्ये तुर्कस्तानला २५ लाख तुर्की लिरा भरपाई देऊन वाद मिटविला. कर्झनचा भाडेपट्टा व ऑस्ट्रियाचे सामिलीकरण यांत सहाच वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी दुर्बळ स्वामीकडून प्रबळ कारभाऱ्याने पैशाच्या मोबदल्यात हक्क मिळविले आणि दोन्ही ठिकाणी तेथील रहिवाशांना विचारण्यात आले नाही.

परिणाम मात्र भिन्न झाले. बॉझ्नियात जमीनदार बहुतांशी मुस्लिम व कुळे मुख्यतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होती. नव्या राजवटीने ही जुनी कूळव्यवस्था मोडली नाही. १९११ चा कायदाही जमीनदार राजी असल्यासच कुळाला जमीन सोडवून घेऊ देणारा होता. त्यामुळे जमिनीचा प्रश्न धर्मभेदाशी जखडून राहिला. सीमेपलीकडील स्वतंत्र सर्बीया त्या प्रांतावर हक्क सांगत होता. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला व त्यातून पहिले महायुद्ध उद्‌भवले. वऱ्हाडात रयतवारीमुळे कूळ व जमीनदार हा भेद धर्माच्या रेषेवर उभा राहिला नाही. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी साऱ्याचा दर, जंगलावरील निर्बंध व सावकारी यांसंबंधी होती आणि ती सभा, वृत्तपत्रे व पुढे सत्याग्रह यांच्या मार्गाने मांडता आली. नाममात्र स्वामित्व व प्रत्यक्ष कारभार यांची फारकत स्वतः युद्ध निर्माण करीत नाही. तिच्या जोडीला जमिनीचा असुटा प्रश्न व शेजारच्या सत्तेची महत्त्वाकांक्षा आली की ती स्फोटक होते, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

राष्ट्रीय चळवळ : अमरावती हे वऱ्हाडच्या राजकीय जागृतीचे केंद्र होते. राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन डिसेंबर १८९७ मध्ये सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले. लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात होते. स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे टिळकांचे निकटचे सहकारी. १९०८ च्या शिक्षेनंतर टिळकांच्या बाजूने खटपट करण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. रघुनाथ नरसिंह मुधोळकर (१८५७–१९२१) हे नेमस्त पक्षाचे. १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. जहाल व नेमस्त या दोन्ही प्रवाहांचे अखिल भारतीय दर्जाचे नेतृत्व एकाच शहरातून पुढे आले. १९१६ मध्ये टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडचा समावेश होता.

१९२० च्या नव्या घटनेनुसार राष्ट्रीय सभेने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हा वऱ्हाड हा नागपूरहून वेगळा प्रांत मानण्यात आला. या रचनेमुळे वऱ्हाडला निजाम व ब्रिटिश या दोघांच्याही करारांवर अवलंबून नसलेले असे राजकीय अस्तित्व प्रथमच मिळाले. असहकार चळवळीत नाटककार वामन गोपाळ उर्फ वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) यांनी प्रांत ढवळून काढला. मात्र टिळक संप्रदायाचा पगडा मोठा असल्याने विधिमंडळ बहिष्काराविषयी मतभेद राहिले. जयकर, केळकर, मुंजे व अणे यांच्या प्रतियोगी सहकार पक्षाची १९२६ मधील परिषद अकोल्यालाच भरली होती.

राजकीय हक्कांबरोबर सामाजिक समतेचा प्रश्नही पुढे आला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या आंदोलनाच्या संदर्भात नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद झाली. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी या प्रश्नाला पाठिंबा दिला. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे त्यांनी शेतकरी वर्गात शिक्षणाचा प्रसार आरंभिला. शहरी वकीलवर्गाच्या हाती असलेले राजकारण यानंतर खेड्यांपर्यंत पोहोचू लागले.

सत्याग्रह पर्व : वऱ्हाडला समुद्रकिनारा नाही, परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते व पूर्वी त्यापासून मीठ काढीत. १९३० च्या कायदेभंगात या परिस्थितीचा उपयोग करून १३ एप्रिल रोजी अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. पावसाळ्यात मीठ तयार करणे अशक्य होते. तेव्हा जंगल कायदा मोडण्याचा कार्यक्रम पुढे आला. राखीव जंगलात गुरे चारण्यावर व गवत कापण्यावर निर्बंध असल्याने हा विषय शेतकरी व आदिवासी यांच्या रोजच्या जीवनाशी निगडित होता. लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे (१८८०–१९६८) यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला व त्यांना अटक झाली. २१ जुलै रोजी यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. शिक्षेचा काळ त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात काढला. गवताच्या पेंढीने कायदा मोडता येतो, हे कळल्यावर मिठाच्या सत्याग्रहाला न आलेला ग्रामीण वर्ग या चळवळीत उतरला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी (१८९६–१९६८) हे या काळात पुढे आलेले प्रमुख संघटक होत.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात अमरावती जिल्ह्यातील यावली व बेनोडा येथे पोलिसांनी गोळीबार केला व त्यात ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांचे जन्मगाव. खंजिरीवरील भजनांतून त्यांनी केलेल्या जागृतीमुळे सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेलेले अणे यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी आपल्या पदाचा राजीनामा दिला.

निजामाची मागणी व १९३६ चा करार : मीर उस्मान अलीखान निजामाने (कार. १९११–४८) २५ ऑक्टोबर १९२३ रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. १९०२ चा करार दडपणाखाली झाला, असे त्याचे म्हणणे होते. प्रांत परत मिळाल्यास तेथील लोकांना जबाबदार राज्यपद्धती देण्याचे आश्वासनही त्याने दिले. लॉर्ड रीडिंग याने ही मागणी नाकारली. २७ मार्च १९२६ च्या उत्तरात त्याने हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, असे बजावले. वऱ्हाडच्या मागणीतून निघालेले हे उत्तर सर्व संस्थानांच्या दर्जासंबंधीचे प्रमाणवचन ठरले.

संघराज्याच्या योजनेत निजामाची संमती हवी असल्याने दहा वर्षांनी ब्रिटिश धोरण सौम्य झाले. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. कारभार मात्र मध्य प्रांताबरोबर एकत्रच राहिला. ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ असा त्याचा किताब झाला व युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणण्यात येऊ लागले. वऱ्हाडात ब्रिटिश ध्वजाबरोबर निजामाचा ध्वज लावण्याचा हक्क मान्य झाला. युवराज आझमजाह याचा विवाह १९३१ मध्ये शेवटचे ऑस्मानी खलीफा दुसरे अब्दुलमजीद यांची कन्या दुर्रुशेहवार हिच्याशी फ्रान्समधील नीस येथे झाला होता. बॉझ्निया गमावलेल्या राजघराण्याची कन्या अशा रीतीने वऱ्हाडची नामधारी युवराज्ञी झाली.

वऱ्हाडातील राजकीय कार्यकर्त्यांचे बहुमत निजामाकडे परत जाण्याच्या विरुद्ध होते. हैदराबाद संस्थानात निवडणुकीने बनलेले जबाबदार शासन नव्हते आणि १९३८ मध्ये तेथील स्टेट काँग्रेसवर बंदी घालण्यात आली. १९३८ अखेर सोलापूर येथे भरलेल्या आर्य परिषदेचे अध्यक्षपद अणे यांनी भूषविले. तेथूनच हैदराबादमधील नागरी हक्कांच्या सत्याग्रहाला चालना मिळाली. ब्रिटिश गेले तर प्रांतासाठी निजाम उभा आहे आणि मध्य प्रांतात राहावे तर हिंदी बहुसंख्येत मराठी भाषक अल्पमतात पडतात, अशी ही अडचण होती. १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने स्वतंत्र महाविदर्भ प्रांताचा ठराव संमत केला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

१९४७–४८ : ब्रिटिशांच्या निर्गमनाबरोबर संस्थानांशी झालेले करार संपुष्टात येणार, असे ठरताच वऱ्हाडचा भाडेपट्टाही संपतो, असा निजामाचा दावा पुढे आला. जून १९४७ मध्ये त्याने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. अशा अनिश्चित वातावरणात ८ ऑगस्ट १९४७ रोजी पश्चिम महाराष्ट्र व विदर्भ यांतील नेत्यांनी अकोला करार केला. संयुक्त महाराष्ट्रात विदर्भाला स्वायत्त उपप्रांताचा दर्जा असावा आणि ते न साधल्यास स्वतंत्र महाविदर्भासाठी प्रयत्न व्हावा, असा त्याचा आशय होता. वऱ्हाडचे भवितव्य वऱ्हाडच्या लोकप्रतिनिधींनी स्वतः वाटाघाट करून लिहिलेला हा पहिला दस्तऐवज होय. १८०३, १८२२, १८५३, १८६०, १९०२ व १९३६ या सहाही वेळा त्यांना पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाडचा कारभार पूर्ववत मध्य प्रांत सरकारकडे राहिला व २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराने तीच व्यवस्था चालू ठेवली. हैदराबादच्या सीमेला लागून असलेल्या वऱ्हाडच्या दक्षिण भागाला पुढील काही महिने निर्वासितांची ये-जा व असुरक्षितता सोसावी लागली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने हैदराबादेत प्रवेश केला व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पतकरली. २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान अमलात आल्यावर वऱ्हाडवरील दुहेरी सत्तेचा कायदेशीर पेच कायमचा निकालात निघाला.

उत्तरकाल : १९५० नंतर वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात न्याय्य वाट्याची आश्वासने देण्यात आली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली, ती स्वीकारण्यात आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.

मूल्यमापन : वऱ्हाडच्या प्रश्नाकडे बहुधा निजाम व ब्रिटिश यांच्यातील पत्रव्यवहाराचा विषय म्हणून पाहिले गेले. डलहौसीने व कर्झनने निजामावर अन्याय केला की नाही, याचीच चर्चा अधिक झाली. निजामाची तक्रार बऱ्याच अंशी खरी होती. सैन्य ब्रिटिशांच्या सोयीचे, खर्च निजामाचा आणि त्या खर्चाच्या थकबाकीपोटी प्रांत गहाण, असा हा व्यवहार होता. तथापि निजामाचा हक्क न्याय्य ठरला, तरी त्यावरून वऱ्हाडच्या लोकांवर राज्य करण्याचा त्याचा अधिकार सिद्ध होत नाही. कारण दोन्ही पक्षांनी प्रांताची गणना उत्पन्नाची बाब म्हणूनच केली होती. लोकांच्या संमतीचा मुद्दा आला तो चळवळीतून.

यादव माधव काळे यांचा वऱ्हाडचा इतिहास हा ग्रंथ, तसेच यवतमाळचे शारदाश्रम व नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ या संस्थांचे कार्य यांमुळे प्रांताच्या इतिहासाची स्थानिक साधने उजेडात आली. देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतील कागद, जमाबंदीचे अहवाल व सत्याग्रहींच्या आठवणी यांच्या आधारे हा प्रश्न गावाच्या पातळीवरून अभ्यासला, तर दुअमलाच्या काळापासून सत्तेच्या प्रत्येक पालटाची किंमत कोणी मोजली, हे अधिक स्पष्ट होईल. अडगावचे रणक्षेत्र, दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरी व यावलीचे हुतात्मे हे याच इतिहासाचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात वऱ्हाड ही दुसऱ्यांनी जिंकावयाची भूमी होती. शेवटच्यात ती आपल्या लोकांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.